केरू गावितचा उजवा हात

मल्हारी बोरस्तेला मशीनचं दुखणं कानाने कळायचं. सातपूरला पंप दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपात तो फिटर होता, तेव्हाची ही सवय. बेअरिंग गेलंय की नुसता वॉशर, हे तो पान्हा हातात घ्यायच्या आधीच सांगायचा आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. चुकलं तर आधी कुणीतरी त्यात हात घातला होता म्हणायचा. आपल्या कामाचा त्याला जरा जास्तच अभिमान होता, आणि तो झाकून ठेवायची कला काही त्याला कधी साधली नाही.

१९९३ साली शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात नवंकोरं डायलिसिसचं मशीन सहा महिन्यांतच बंद पडलं. कंपनीचा इंजिनियर मुंबईहून यायला चार दिवस लागणार होते आणि खाटेवरच्या पेशंटकडे चार दिवस नव्हते. तिथला कंपाउंडर स्कूटर काढून तडक सातपूरला गेला आणि वर्कशॉपच्या मालकाला म्हणाला, तुमचा तो कान लावून बघणारा माणूस द्या. मल्हारी ग्रीसच्या हातांनी आला. आधी हात धू म्हटल्यावर त्याला राग आला, पण धुतले, आणि दुपारच्या चहाच्या आत मशीन सुरू करून दिलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून इकडेच येत जा." तो गेला तो तिथलाच झाला. तेव्हा असंच चालायचं. ज्याच्या हातून मशीन चालतं तो टेक्निशियन, बाकी कागद कुणी बघत नव्हतं.

डायलिसिसची ती पहिली खोली म्हणजे औषधांचं जुनं गोदाम होतं. दोन खाटा, दोन मशीन, एक खिडकी. खिडकीबाहेर कडुनिंब. मंगळवारी आणि शुक्रवारी तीच माणसं यायची, त्याच खाटेवर चार तास पडायची आणि एकमेकांच्या घरातलं सगळं त्यांना ठाऊक असायचं. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाचा जावई रुसलाय. किडनी गेलेल्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. दिवसाला दोन-तीन पेले, बास. म्हणून मल्हारी त्यांच्यादेखत कधी चहा प्यायचा नाही. बाहेर पॅसेजमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून प्यायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या खोलीचा खरा मालक म्हणजे विंचूरचे चिमाजी. कांद्याच्या बाजारात मापाडी होते, आवाज लिलावाचा. पडल्या पडल्या ते सगळ्या खोलीला त्या दिवशीचा भाव ऐकवायचे, ऐकणाऱ्याच्या घरी कांदा असो वा नसो. पाच वर्षं ते मशीनवर जगले. पण पाच वर्षांत त्यांच्या दोन्ही हातांच्या शिरा संपल्या. आठवड्याला दोनदा जाड सुया, वर तपासणीच्या सुया, वर सलाईनच्या. शेवटी शेवटी सुई घालायला जागा सापडेना. एकदा हात पुढे करून ते मल्हारीला म्हणाले, "अरे, चाळण केली तुम्ही लोकांनी माझी. जरा बघून टोचत जा रं." अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ते गेले. मल्हारी विंचूरला मातीला गेला आणि परत येताना एसटीत बसून त्याने ठरवलं, की आपल्या हातून आता पेशंटला एकही सुई फुकट टोचली जाणार नाही. तपासणीला रक्त हवंय तर ते मशीनच्या नळीतून काढायचं, मानेत नळी असली तर तिच्यातून काढायचं. हाताला सुई नाही.

हा नियम पुढे त्या हॉस्पिटलचा रिवाज झाला. नव्या पोरींना सिस्टर म्हणून घेतलं, की पहिल्या दिवशी मल्हारी त्यांना हेच सांगायचा. दुसरी गोष्ट तो सांगत नसे, पण ती सगळ्यांना माहीत होती: मल्हारीच्या हातात मशीनचा फिल्टर गोठत नाही. शरीराबाहेर आलेलं रक्त गोठायला बघतं. ते गोठू नये म्हणून औषध द्यावं लागतं. जास्त दिलं तर पेशंटच्या अंगातून रक्त वाहायला लागतं, कमी दिलं तर फिल्टर तांबडा दगड होऊन बसतो. ते माप मल्हारीला नेमकं जमायचं.

पुढे मोठे डॉक्टर थकले. गोदामाची खोली पाडून तिथे लिफ्ट आली, कडुनिंब गेला. २००१ साली मुंबईहून शिकून ज्योत्स्ना मॅडम आल्या. किडनीच्या डॉक्टर, बोलायला मोजक्या, कामाला वाघ. मल्हारीही सातपूरची खोली सोडून इंदिरानगरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि पस्तिशी ओलांडून काका झाला. आता आयसीयूत काचा होत्या, एसी होता, पडदे होते. नातेवाइकांना दिवसातून दोनदा दहा मिनिटं. पेशंट एकमेकांची तोंडंही बघत नसत. मल्हारी घरी गेला की बायकोला म्हणायचा, "मशीनं चांगली आलीत गं, पण खोली गेली." ती म्हणायची, "खोलीपेक्षा मशीन बरं की." ते खरंच होतं, हे त्यालाही पटायचं.

२००८च्या उन्हाळ्यात चोवीस तासांचं मशीन आलं. नेहमीचं मशीन चार तासांत रक्त साफ करतं, पण ज्याचं बीपीच तळाला गेलंय त्याला ते झेपत नाही. त्याच्यासाठी हे, हळूहळू, रात्रंदिवस चालणारं. आणि त्याच्याबरोबर आलं सिट्रेट. लिंबाच्या आंबटपणाचं भावंड म्हणा. रक्तपेढीच्या पिशवीत रक्त पातळ राहावं म्हणून जे घालतात तेच. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, आणि हे सिट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हणजे रक्त शरीरातून बाहेर आलं की त्यात सिट्रेट सोडायचं, मशीनमध्ये ते गोठत नाही. आणि पेशंटला वेगळ्या नळीने कॅल्शियम परत द्यायचं. अंगात गेलेल्या सिट्रेटचा निकाल लिव्हर लावतं. हिशोब सुंदर होता. फक्त दर सहा तासांनी पेशंटच्या रक्तातलं मोकळं कॅल्शियम किती आहे ते तपासायचं, आणि त्यासाठी रक्त मनगटाच्या धमनीतून घ्यायचं. मॅडमनी तसा कागदच मशीनवर चिकटवला होता.

ऑगस्टमध्ये केरू गावित आला. पेठच्या बाजूचा, डोंगरातला शेतकरी, चाळिशीचा, काटक. पंधरा दिवस गुडघाभर चिखलात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करत होता; पायाला जखम, त्यातून लेप्टोचा ताप शिरला. जीपमध्ये घालून आणला तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी बंद, बीपी हाताला लागत नाही, हिरड्यांतून रक्त. रक्त आधीच वाहत होतं म्हणून नेहमीचं औषध देता येईना. मॅडम म्हणाल्या, "सिट्रेटवर घेऊ. लिव्हरही दुखावलंय, म्हणून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. तपासण्या वेळच्या वेळी." मल्हारी म्हणाला, "ठेवतो मॅडम." हा माणूस जगणार की नाही, हे पुढच्या तीन-चार दिवसांत ठरणार होतं.

पहिला दिवस बरा गेला. मनगटात धमनीची छोटी नळी होती, तिच्यातून रक्त निघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळी बंद पडली आणि काढावी लागली. केरूचं डावं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. त्याला जिथे टोचाल तिथे रक्त साकळत होतं. मोहिनी सिस्टर सुई घेऊन उभी राहिली आणि मल्हारीने तिला थांबवलं.

"टोचतेस कशाला? मानेत नळी आहे की. तिच्यातून घे."

"काका, कागदावर मनगट लिहिलंय."

"कागदाला दुखत नाही," मल्हारी म्हणाला.

मानेतल्या त्या नळीला तीन तोंडं होती. एकातून केरूला कॅल्शियम चाललं होतं. मल्हारीने शेजारच्या तोंडातून रक्त काढलं. तीन तोंडं बाहेरून वेगळी दिसतात, पण आत बोटभर अंतरात ती सगळी एकाच शिरेत उघडतात. त्या रक्तात नुकतंच सोडलेलं कॅल्शियम मिसळलेलं होतं. आकडा आला एक पॉइंट बारा. अगदी हवा तसा. सहा तासांनी पुन्हा तसाच. मल्हारीने तो कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिला. फिल्टर स्वच्छ होता, मशीन गुणगुणत होतं, आणि त्याला वाटलं, नवं असलं म्हणून काय झालं, मशीन ते मशीनच.

केरूची बायको चतुराबाई बाहेर बाकावर बसून असायची. तिसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत होता. मल्हारीने तिला आत बोलावलं आणि दहा मिनिटांचा नियम विसरून स्टूल दिलं. केरू ग्लानीत होता, तोंडावर ऑक्सिजन, डोळे अर्धे उघडे. जीभ जड झाली होती, शब्द फुटत नव्हता. ती त्याच्या पायाशी बसली आणि बघता बघता एकदम हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"काय झालं ताई?"

"भाऊ, बघा ना यांचा हात. आवणी करतोय."

मल्हारीने पाहिलं. केरूचा उजवा हात मनगटात वाकला होता. बोटं सरळ, एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत दाबलेला. भाताचं रोप चिमटीत धरून चिखलात खोवताना हात होतो, नेमका तसा. क्षणभर तसा राहिला, मग सुटला.

"अर्धं वावर राहिलंय ना," ती म्हणाली. "जीव तिकडंच हाय. तापात असतंच असं. माझा सासरा मरताना बैल हाकत होता."

"करू द्या. आपलं काय जातंय," मल्हारी म्हणाला आणि तोही हसला. त्याने मोहिनीला बोलावून दाखवलं. तीही हसली.

मग चतुराबाई बोलायला लागली. रोपांसाठी राब कसा भाजतात, आवण म्हणजे ती रोपं उपटून मुठी कशा बांधतात, केरू पुढे निघाला की मागच्या चार बाया त्याला गाठू शकत नाहीत. मल्हारी खुर्ची ओढून ऐकत बसला. त्याला फार बरं वाटत होतं. किती वर्षांनी पेशंटच्या खाटेशी बसून कुणी घरचं बोलत होतं. जुन्या खोलीतले मंगळवार त्याला आठवले, चिमाजींचे कांद्याचे भाव आठवले. अर्धा-पाऊण तास असा गेला. मधेमधे केरूचा हात एकेक रोप लावत होता, आणि प्रत्येक वेळी ती दोघं एकमेकांकडे बघून हसत होती.

"यांना काम सांगावं लागत नाय," चतुराबाई कौतुकाने म्हणाली. "तो पट्टा फुगला का हात लागला कामाला. पट्टा सुटला का थांबला. मुकादमच म्हणायचा त्याला."

पट्टा म्हणजे बीपीचा. केरूच्या उजव्या दंडाला बांधलेला, दर पंधरा मिनिटांनी आपोआप फुगणारा.

मल्हारीचं हसू तोंडावरच राहिलं. वातात माणूस काहीही करतो, पण घड्याळ बघून करत नाही. वेळेवर होतं ते मशीनमध्ये होतं, आणि मशीनमध्ये जे वेळेवर होतं त्याला कारण असतं. तो उठला. मॉनिटरचं बटण दाबलं. पट्टा घुरघुरत फुगला. हात वाकला, बोटं जुळली, अंगठा आत गेला. पट्टा सुटला, हात सैल पडला. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग त्याने वाकून केरूचं तोंड पाहिलं. मास्कच्या आत वरचा ओठ बारीक फडफडत होता. रक्तातलं मोकळं कॅल्शियम उतरलं की स्नायू असे आखडतात, आणि दंड आवळला की आधी हात.

त्याने मानेच्या नळीकडे बघितलं. कॅल्शियमचं तोंड, आणि त्याच्याशेजारचं, ज्यातून तो दोन दिवस रक्त काढत होता ते.

मॅडम ओपीडीत होत्या. त्याने फोन केला. "मॅडम, केरू गावितचं कॅल्शियम पडलंय असं वाटतंय. आकडे चांगले आहेत, पण आकडे खोटे आहेत. मी मानेच्या नळीतून घेत होतो. चूक माझी आहे." मॅडमनी फोन ठेवला आणि ओपीडी सोडून आल्या.

मॅडमनी स्वतः मनगटातून रक्त काढलं. मोकळं कॅल्शियम, एकच्या वर हवं ते, शून्य पॉइंट अडुसष्ट निघालं. आणि त्याच रक्तातलं एकूण कॅल्शियम लॅबने कळवलं ते नेहमीपेक्षा बरंच जास्त होतं. म्हणजे अंगात कॅल्शियम भरपूर, पण सगळं सिट्रेटच्या मुठीत. दुखावलेलं लिव्हर सिट्रेटचा निकाल लावू शकत नव्हतं, ते तासागणिक साठत चाललं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर हातानंतर पाळी हृदयाची होती. मॉनिटरवरची हृदयाच्या ठोक्यांची रेघ तेव्हाच लांबायला लागली होती.

सिट्रेट बंद झालं. कॅल्शियम हळूहळू शिरेतून गेलं, मॅडम रेघेवर नजर ठेवून स्वतः देत होत्या. वीस मिनिटांनी मल्हारीने पट्टा फुगवला. केरूचा हात उताणा, बोटं उघडी, तशीच पडून राहिली.

आता मशीन कसल्याही औषधाशिवाय चालवायचं होतं. दर अर्ध्या तासाने सलाईनने फिल्टर धुवायचा. मल्हारी मशीनसमोरून हलला नाही. संध्याकाळी साडेसहाला फिल्टर गोठला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातात. त्याने तो उतरवला, दुसरा चढवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोही गोठला, तिसरा चढवला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. केरूच्या कागदावर त्याने आधीच्या आकड्यांवर रेघ मारून लिहिलं, 'नमुना चुकीच्या जागेतून घेतला', आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं. मॅडम म्हणाल्या, "मी लिहिलंय, तुम्ही लिहायची गरज नाही." तो म्हणाला, "असू द्या."

चतुराबाईने त्याला दारात गाठलं. "भाऊ, हात थांबला यांचा. काय झालं?"

"ताई, ती आवणी नव्हती. आजाराने हात आखडत होता. औषध दिलंय आता."

"मला वाटलं, मनानं घरीच हायत," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. चूक आपली होती, हे मल्हारीने तिला सांगितलं नाही. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाला. उद्या केरूला जरा बरं होतं, परवा आणखी बरं होतं, आणि बरं होत असलेल्या माणसाच्या बायकोला असलं काही सांगायला जीभ उचलत नाही. नवव्या दिवशी केरूला लघवी झाली. तीन आठवड्यांनी तो चालत जीपमध्ये बसला. मल्हारी टाटा करून आत गेला, आणि ते न सांगितलेलं त्याच्यापाशीच राहिलं.

डिसेंबरात नवरा-बायको तपासणीला आले. केरूच्या किडन्या पूर्ण सुधारल्या होत्या. अंगावर नवा स्वेटर, डोळे पांढरे स्वच्छ. डायलिसिसच्या खोलीत सकाळची पाळी अजून भरायची होती. मल्हारीने दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला, आणि चहा यायच्या आतच सांगून टाकलं. रक्त कुठून घ्यायचं होतं, कुठून घेतलं, का घेतलं, त्याने काय झालं. सोपं करून सांगितलं, पण गाळलं काही नाही. "तुमचा हात मदत मागत होता आणि मी बसून हसत होतो," तो म्हणाला.

केरूने ऐकून घेतलं. तो मुळात कमी बोलणारा. आपल्या उजव्या हाताकडे त्याने एकदा पाहिलं.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"काय?"

"ऐकू येत होतं मला. सगळं नाय, पण येत होतं. हात वढायचा, लय दुखायचा, जबडा आवळायचा. मी आतून वरडत होतो, अरे बघा, हा हात माझं ऐकत नाय. आवाज निघंना. तुम्ही दोघं म्हणत होता, आवणी करतोय. मग मी म्हटलं, मशीनवाले भाऊ जाणते हायत. ही तर माझी बायको हाय. दोघं म्हणत्यात तर आवणीच असंल. मग लावत राहिलो. लय मोठं वावर होतं भाऊ. संपतच नव्हतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मल्हारीला तो सोसता आला असता. चतुराबाईने पदर तोंडाशी धरला होता आणि ती नवऱ्याकडे बघतही नव्हती. चार महिने एकाच घरात राहून त्याने हे तिला सांगितलं नव्हतं.

चहा आला. तिघांपैकी कुणीच तो उचलला नाही. मल्हारी केरूच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि पहिला पेशंट आत येईपर्यंत तसाच बसून राहिला.